बिऱ्हाडकरूचा उंबरठा

पुण्याच्या बुधवार पेठेंत अप्पा बळवंत चौकाकडून जोगेश्वरीच्या देवळाकडे चालत निघालें म्हणजे पुस्तकांच्या आणि कापडाच्या दुकानांमधून एखाददुसरी जुनी दिंडी अजूनही दृष्टीस पडते. आंत डोकावलें तर एक फरसबंदी चौक, चौकाभोंवतीं सोपे, वर लांकडी कठड्याची माडी, आणि दर दोन-तीन खणांआड एक निराळें कुलूप. एका छपराखालीं आठ-दहा संसार. त्यांतील एक मालकाचा, बाकीचे बिऱ्हाडकरूंचे. हे वाडे कोणत्या सरदारानें वा सावकारानें बांधिले, ते कोणाच्या हातीं गेले, याची माहिती पुण्यांत हौसेनें सांगितली जाते. आम्हांस आज त्याहून लहान असा एक प्रश्न वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. बिऱ्हाडकरूच्या खोलीचा उंबरठा कोणाचा? मालकाचा, कीं आंत राहणाराचा?

"घर ज्याचें त्याचा उंबरठा, यांत विचारावयाचें काय?" असें पुष्कळ सुज्ञ गृहस्थ म्हणतील. आम्ही स्वतः वाड्याचे मालक असतों तर कदाचित् आम्हीही तसेंच म्हटलें असतें. परंतु याच शहरानें १८९७ सालीं हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन सोडविला, आणि जें उत्तर मिळालें तें मालकीच्या बाजूचें नव्हतें. तो इतिहास आणि आजचा कायदा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वाड्याची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. बुधवार पेठ ही पुण्याच्या जुन्या पेठांपैकीं एक. औरंगजेबाच्या दक्षिणेंतील स्वारीच्या काळीं, १७०३ च्या सुमारास, ती मोहियाबाद या नांवानें वसली. पुढें पेशवाईंत तिला वाराचें नांव मिळालें. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, दरबार मोडला, आणि दरबाराच्या आश्रयावर उभे राहिलेले मोठे वाडे सांभाळणें वारसांस जड जाऊं लागलें. त्याच शतकांत शाळा, कॉलेजें, कचेऱ्या आणि छापखाने यांच्या पाठोपाठ परगांवचे लोक शहरांत येऊं लागले. एकास पैसा हवा होता, दुसऱ्यास आसरा हवा होता. वाड्यांचे खण पडले, सोप्यावर फळ्यांचे आडोसे उभे राहिले, आणि जेथें एक कुटुंब नांदत होतें तेथें अनेक नांदूं लागलीं.

वाडा मुळांत एका कुटुंबासाठीं रचिलेला असे. त्याच्या खासगीपणाची सीमा खोलीच्या दाराशीं नसून दिंडीपाशीं होती; दिंडीच्या आंत सारेच आपले. पुढें आंत परके संसार आले, पण भिंती आणि वाटा जुन्याच राहिल्या. हौदाकडे जाण्याची मालकाची वाट बिऱ्हाडकरूच्या दारावरून जाई, आणि दिवसाढवळ्या दार लावून बसणें हें कांहीं तरी लपविल्यासारखें समजलें जाई. या अडचणीवर वाड्यानें स्वतःचा एक उपाय काढिला होता. तो म्हणजे खाकरणें. वडीलधारा पुरुष दुसऱ्याच्या बिऱ्हाडाकडे निघाला कीं चार पावलें अलीकडेच खाकरत असे, "आहेत का घरांत?" म्हणून विचारीत असे, आणि आंतून "या" असा शब्द येईपर्यंत बाहेरच थांबत असे. आंतल्या बाईस पदर सांवरावयास, निजलेल्यास उठून बसावयास, पसारा आवरावयास तेवढा अवकाश मिळे. हा करार कोणत्याही स्टँपाच्या कागदावर लिहिलेला नव्हता. चांगला मालक तो पाळी. वाईट मालकानें तो मोडला तर दाद कोठें मागावी, हें मात्र कोणी सांगूं शकत नसे.

आमच्या पिढीस इंग्रजी पुस्तकांतून मिळालेलें एक वचन सर्वश्रुत आहे: प्रत्येकाचें घर हा त्याचा किल्ला. हें तत्त्व इंग्लंडांत १६०४ सालच्या सेमेन खटल्यांत मांडलें गेलें आणि सर एडवर्ड कोक यानें तें नमूद करून ठेविलें. तें आपण व्याख्यानांत पुष्कळ वेळां वापरतों, पण त्या खटल्यांतील दोन गोष्टी बहुधा विसरतों. पहिली ही कीं, ज्या घरावरून वाद झाला तें लंडनमधील ब्लॅकफ्रायर्सचें घर प्रतिवादीच्या पूर्ण मालकीचें नव्हतें. ठरावीक वर्षांच्या करारानें त्यानें तें धारण केलें होतें. ज्या घरास किल्ला म्हटलें तें, आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, बिऱ्हाड होतें. दुसरी गोष्ट अशी कीं, राजाचा अंमलदार त्या किल्ल्यांत केव्हांच शिरूं शकत नाहीं असें न्यायाधीश म्हणाले नाहींत. राजाच्या कामासाठीं तो दार फोडूं शकेल, पण तत्पूर्वीं त्यानें आपल्या येण्याचें कारण सांगितलें पाहिजे आणि दार उघडण्याची विनंती केली पाहिजे, असा त्यांनीं दंडक घातला. लंडनच्या न्यायासनानें सांगितलें तें आणि बुधवार पेठेंतील खाकरणें यांत तत्त्वतः फारसा भेद नाहीं.

हिंदुस्थानांत इंग्रजांनीं कायदे रचिले तेव्हां याच विचाराचे अंश त्यांत उतरले. १८६० च्या पीनल कोडानें गृहप्रवेशाच्या अपराधाची व्याख्या करतांना मालकी हा शब्द न घेतां ताबा हा शब्द घेतला. म्हणजे स्वतःच्या मालकीच्या पण दुसऱ्याच्या ताब्यांतील जागेंत शिरणारा मालकही अपराधी ठरूं शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतही हाच पाया राहिला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें भाडें भरणाऱ्या भाडेकरूस निर्वेध उपभोगाची हमी दिली. पण त्याच १०८ व्या कलमांत मालकास व त्याच्या माणसांस योग्य वेळीं आंत येऊन जागेची स्थिति पाहूं देण्याचें बंधनही त्याच्यावर घातलें. त्याच सालच्या सुखाधिकारांच्या कायद्यांत तर एक उदाहरण असें आहे कीं, एखाद्या शहरीं तशी रूढि असेल तर शेजाऱ्याच्या खासगीपणास बाध येईल अशी नवी खिडकी कोणास पाडतां येत नाहीं. खासगीपणा ही कल्पना पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली असें म्हणणारांनीं हें उदाहरण अवश्य पाहावें. येथें कायद्यानें लोकांच्या जुन्या रूढीस केवळ मान्यता दिली होती.

आतां १८९७ कडे वळूं. मुंबईंत १८९६ च्या सप्टेंबरांत प्लेग उघडकीस आला, आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यास पोंचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यानें सरकारच्या हातीं जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यास पुण्यास आणून प्लेग कमिटीचा प्रमुख नेमण्यांत आलें, आणि मार्चपासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या टोळ्या पेठापेठांतून घरोघर झडती घेऊं लागल्या. रोगी सांपडला तर त्यास इस्पितळांत न्यावयाचें, घरच्या माणसांस छावणींत ठेवावयाचें, घरांतील सामान जाळावयाचें, जमीन उकरावयाची, भिंतींस चुना द्यावयाचा, असा क्रम होता.

त्या काळच्या परिस्थितींत रोग्यास वेगळें ठेवण्याचा उद्देश गैर होता असें म्हणतां येणार नाहीं. टिळकांनींही प्लेगच्या उपाययोजनेस मुळांत विरोध केला नव्हता. हिंदु रोग्यांसाठीं निराळें इस्पितळ उभें करण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला होता. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें वारल्या. लोकांचा संताप उपायावर नव्हता. तो उपाय ज्या रीतीनें दारांतून आंत आला त्या रीतीवर होता. बुटांसकट शिपाई स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले, बायकापुरुषांचीं अंगें तपासलीं गेलीं, चीजवस्तु अस्ताव्यस्त फेंकली गेली, अशा तक्रारी घरोघर होत्या. कोणी खाकरलें नाहीं, कोणी कारण सांगितलें नाहीं. परिणाम व्हावयाचा तोच झाला. माणसें रोगी लपवूं लागलीं, प्रेतें लपवूं लागलीं. ज्या दारावर विश्वास उरला नाहीं त्या दाराआड रोग अधिकच दडून बसला. यांतील दैवदुर्विलास असा कीं, प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हें पॉल लुई सिमों यानें १८९८ सालीं दाखवून दिलें. शिपाई माजघरांतील माणसें तपाशीत होते तेव्हां उंदीर तुळयांवरून मोकळे फिरत होते.

पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ गणेशखिंडीच्या गव्हर्नर-बंगल्यांत आटोपून परततांना, रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनीं गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ व रँड ३ जुलै रोजीं मरण पावला. दामोदर चाफेकर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशीं गेले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

या मोठ्या घटनांच्या सांवलींत एक लहान घटना झांकली जाते, आणि आमच्या विषयास तीच अधिक महत्त्वाची वाटते. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत होते. पुण्याच्या स्नेह्यांचीं पत्रें त्यांस गेलीं. त्यांच्या आधारें शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनीं मँचेस्टर गार्डियन पत्रांतून जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. गोखले परत आले, त्यांनीं शोध केला, पण समोर येऊन सांगावयास कोणी तयार होईना. शेवटीं त्या सत्यनिष्ठ पुरुषास जाहीर माफी मागावी लागली, आणि त्याबद्दल स्वकीयांचा उपहास पुढें वर्षानुवर्षें सोसावा लागला.

त्या आरोपांत तथ्य किती होतें याचा निर्णय येथें करावयाचा नाहीं. परंतु पुरावा कां मिळाला नाहीं, याचा विचार केला म्हणजे या अन्यायाचें खरें स्वरूप उघड होतें. चोरी झाली तर चोरीस गेलेली वस्तु दाखवितां येते. मारहाण झाली तर वळ दाखवितां येतात. घरांत कोणी बळानें शिरलें, नको तें पाहिलें, तर दाखवावयाचें काय? जें पाहिलें गेलें तेंच पुन्हां दहा लोकांसमोर सांगितल्यावांचून फिर्याद उभी राहत नाहीं. खासगीपणाचा भंग सिद्ध करावयाचा तर तो स्वतःच्या तोंडानें पुन्हां एकदां करावा लागतो. दरवाजा ओलांडल्यानंतर न्याय मिळणें इतकें दुर्घट आहे, म्हणूनच नियम दरवाजाच्या बाहेर असला पाहिजे. आगाऊ सूचना दिली होती कीं नाहीं, हें घरांतलें गुपित उघडें न करितां ठरवितां येतें. सूचनेचें सारें मोल यांत आहे.

येथें एक आमची स्वतःची गोष्ट सांगितली तर ती अप्रस्तुत होणार नाहीं. कॉलेजच्या दिवसांत आम्ही याच पेठेंत माडीवरची दोन खणांची खोली घेऊन राहत होतों. मालक सज्जन होते. सणावारीं आम्हांस पानावर बोलावीत, आजारी पडलों तर पेज पाठवीत. त्यांच्याजवळ खोलीची दुसरी किल्ली असे. एके दिवशीं दुपारीं आम्ही अवचित परतलों तों दार उघडें, आंत मालक कोणा गृहस्थास खिडकीचा वारा कसा येतो तें दाखवीत उभे, आणि आमच्या टेबलावर आमच्या वडिलांचें पत्र, जें आम्हीं घडी घालून पुस्तकांत ठेविलें होतें, तें उलगडलेलें. त्या पत्रांत घरच्या कर्जाची हकीकत होती. आमचा चेहरा पाहून मालक हंसून म्हणाले, "अहो, संकोच कसला? तुम्ही आम्हांस मुलासारखे!" त्या रात्रीं त्यांनीं आम्हांस आग्रहानें जेवावयास बोलाविलें, आणि आम्ही गेलोंही. पण त्या दिवसापासून ती खोली आम्हांस आपली वाटेनाशी झाली. जावें तर तक्रार कोणाकडे घेऊन जावें? चोरी झाली नव्हती. अपमान करण्याचा, धाक घालण्याचा वा त्रास देण्याचा हेतु असल्यावांचून गृहप्रवेश गुन्हा होत नाहीं, आणि मालकांचा हेतु तर केवळ प्रेमाचा होता!

पुढें इतिहास शिकवूं लागलों तेव्हां एक विचित्र गोष्ट ध्यानांत आली. त्या मालकांच्या ओटीवर लोकमान्यांची तसबीर होती, आणि रँडाचे शिपाई त्यांच्या आजोबांच्या माजघरांत कसे शिरले होते याची हकीकत ते डोळ्यांत पाणी आणून सांगत असत. त्या स्मृतींत आणि आमच्या खोलीच्या दुसऱ्या किल्लींत कांहीं संबंध आहे, अशी शंकाही त्यांस कधीं शिवली नाहीं. सत्तेनें आपल्या घरांत शिरूं नये, हें आपण शिकलों. आपणही कोणाच्या तरी घरावर सत्ता चालवितों, हें शिकावयाचें राहून गेलें.

मालकांची बाजू मुळींच नाहीं असें नव्हे. मुंबई इलाख्याच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या दराशीं बांधून टाकलीं. त्या भाड्यांत वाड्याचीं कौलें शाकारणेंही कित्येकांस परवडेना. तुळई कुजली आहे, भिंतींत पाणी मुरतें आहे, हें पाहावयास मालकास आंत येतां आलेंच पाहिजे. तो आला नाहीं तर छप्पर बिऱ्हाडकरूच्याच डोक्यावर पडावयाचें. यासाठींच १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या २८ व्या कलमांत मालकास जागेची पाहणी करण्याचा हक्क दिला आहे. मात्र योग्य वेळीं, आणि आगाऊ सूचना देऊन. हें कलम केवळ भाडेकरूपुरतें नाहीं. अकरा महिन्यांच्या परवान्यानें राहणारा, एवढेंच नव्हे तर जो कोणी जागेंत राहत असेल तो, सूचनेस पात्र धरला आहे. म्हणजे आज कॉट घेऊन राहणाऱ्या बीडच्या वा यवतमाळच्या विद्यार्थ्यासही, त्याचा करारनामा कितीही दुबळा असो, हें कलम सांगूं देतें कीं, "येण्यापूर्वीं कळवा."

उणीव आहे ती अशी कीं, सूचना किती तासांची, ती लेखी कीं तोंडी, हें त्या कलमांत सांगितलेलें नाहीं. केंद्र सरकारनें २०२१ सालीं राज्यांपुढें जो नमुना भाडेकरार कायदा ठेविला, त्यांत चोवीस तास आधीं सूचना देण्याचा स्पष्ट नियम आहे. असा आंकडा कायद्यांत असला म्हणजे वाद मालकाच्या सज्जनपणाचा राहत नाहीं, घड्याळाचा होतो. आणि तेंच उभयतांस सोयीचें.

बुधवार पेठेविषयीं लिहितांना सभ्य लेखक ज्या गल्ल्यांचें नांव टाळतात, त्यांस टाळून हा लेख पुरा करणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. या पेठेंत देहविक्रयावर उपजीविका करणाऱ्या शेंकडों स्त्रिया राहतात, आणि त्याही कोणाच्या तरी खोल्यांत भाडें भरून राहतात. त्यांच्या दारावर खाकरावें असें कोणास वाटत नाहीं. १९५६ च्या कायद्यानें पोलिसांस अशा जागांची विनावॉरंट झडती घेण्याचा अधिकार दिला आहे. पुढें झडतीच्या वेळीं किमान दोन स्त्री-पोलीस बरोबर असल्याच पाहिजेत अशी दुरुस्ती झाली. पण जिच्या चारित्र्यावर जगानें आधींच निकाल दिला आहे, तिच्या उंबरठ्यास कांहीं किंमत आहे काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतीलच एका प्रकरणांत मिळालें. १९६५ सालीं एक पोलीस इन्स्पेक्टर रात्रीं एका स्त्रीच्या झोंपडींत शिरला व त्यानें तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न केला. खात्यानें त्यास बडतर्फ केलें. उच्च न्यायालयानें मात्र ती स्त्री सच्छील नसल्यानें तिच्या शब्दावर विसंबतां येत नाहीं असें धरून बडतर्फी रद्द केली. १९९० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला आणि सांगितलें कीं, अशा स्त्रीसही खासगीपणाचा हक्क आहे. वाटेल त्यानें वाटेल तेव्हां तिच्या घरांत शिरावें असें नाहीं.

तो निकाल लागावयास पंचवीस वर्षें लागलीं, आणि तोही मिळाला तो त्या स्त्रीनें घडलेलें सारें चारचौघांत सांगितलें म्हणून. गोखल्यांस १८९७ सालीं जें धैर्य पुण्याच्या प्रतिष्ठित घरांत सांपडलें नाहीं, तें एका झोंपडींत सांपडलें. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्या गंभीर निकालाचा जयजयकार झाला तो योग्यच होता. परंतु ज्यांच्या बळावर तो उभा आहे त्यांत या निनांवी बिऱ्हाडांचाही वांटा आहे, हें आपण विसरूं नये.

वाडे आतां झपाट्यानें जात आहेत. त्यांच्या जागीं अनेक मजल्यांच्या इमारती उठत आहेत. दारास घंटा आहे, भिंग आहे, आणि मालक बहुधा दुसऱ्या शहरांत वा परदेशांत आहे. खाकरण्याची रीत त्या दिंड्यांबरोबरच जाणार यांत संशय नाहीं. दुसरी किल्ली मात्र अजून मालकाच्या खुंटीवर आहे. ती वापरण्याचा प्रसंग येईल तेव्हां आधीं एक दिवस कळवावें, वेळ विचारावी, आणि आंतून "या" असा शब्द आल्यावरच पाऊल टाकावें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं एक-दोन घरें भाड्यानें दिलेलीं असतील. कायदा सक्ती करील तेव्हां करो. एवढें करावयास त्यांनीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.